डोमाजींची जीभ

पातेलं जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. जर्मनचं, बुडाला काजळी, झाकणावर फडकं ताणून बांधलेलं आणि गाठीवर लाखेचा ठसा. ज्या टेबलावर इतकी वर्षं पाहुण्यांची ताटं मांडली गेली, तिथं ते आज आरोपीसारखं बसलं होतं. खरा आरोपी बाहेर व्हरांड्यात होता, खांबाला टेकून.

“डोमाजी,” आमचे रेंजर घाणेकर साहेब म्हणाले, “आज तुमचा हात नको. जीभ पाहिजे.”

डोमाजी शेंडे दारात उभं राहून खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत होते. कोसमघाटच्या रेस्ट हाऊसचे खानसामा. साठीच्या अलीकडे-पलीकडे, अंगानं काटकुळे, आणि मिशी अशी की वाढपी यायच्या आधी तीच ताटात डोकावून जाईल.

“जीभ? काहून जी?”

“पातेल्यात काय आहे ते सांगायचं. बोकड की हरीण. हरीण असेल तर कोणतं.”

डोमाजींचा चेहरा मी पाहत होतो. पगार मला वनपरिक्षेत्र कार्यालयातल्या आवक-जावक नोंदवहीचा मिळायचा, पण त्या खुर्चीत बसून मला माणसांचीही आवक-जावक दिसायला लागली होती. कोणाच्या कानावर काय आलं, तोंडून काय गेलं, आणि पोटात काय शिल्लक राहिलं. डोमाजींच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं, आणि लगेच मिशीखाली गेलं. ते मी लाज म्हणून नोंदवलं. तिथंच चुकलो.

शिकारबंदीचा कायदा येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्याआधी परवाने घेऊन शिकारी साहेबलोक यायचे, आणि त्यांच्या रायफलींइतकीच डोमाजींची जीभ जिल्ह्यात नावाजलेली होती. डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांच्यापुढे चार-पाच वाट्या ठेवायच्या. प्रत्येकीतला एक तुकडा तोंडात घालून ते सांगायचे, हे चितळ, हे सांबर, हे चौशिंगा. एकदा एका पाहुण्यानं मुद्दाम दोन वाट्यांत एकच चितळ ठेवलं. डोमाजी म्हणाले, “साहेब, एकच जनावर दोन डाव खाऊ घालता. एका वाटीत पुढचा पाय हाय, एकीत मागचा, येवढाच फरक.”

मी जन्माचा शाकाहारी. आजतागायत मांसाचा तुकडा तोंडात घातलेला नाही. पण कोणत्या हरणाची चव कशी हे मला कुणीही झोपेतून उठवून विचारावं, इतकं डोमाजींनी माझ्या कानात भरलं होतं. रोज दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा प्यायला जायचो तेव्हा ते एकेक काढून सांगायचे.

“चितळ म्हणजे नवी सून, बाबूजी. गोडसर, मऊ, जो मसाला घाला त्याच्यासारखी होते. सांबर म्हणजे तहसीलदार. तीन तास शिजवा, तरी आपला ताठा सोडत नाही. धागा जाड. काळवीट शेतातला हरभरा खाऊन वाढते, म्हणून त्याच्या मांसात हरभरा लागते. चौशिंगा कोरडा, तूप मागते. रोही तर बैलाचा चुलतभाऊ, त्याले हरीण म्हणणं म्हणजे तुम्हाले पहेलवान म्हणणं.”

“रोही म्हणजे नीलगाय पुस्तकाप्रमाणेही हरीण नाहीच, डोमाजी.”

“पुस्तक शिजवून पाहिलं का जी कोणी?”

“आणि भेकर?”

भेकराचं नाव निघालं की त्यांचा आवाज खाली यायचा. “भेकर सगळ्यात अवघड. कोवळा बोकड आन् भेकर, तोंडात टाकल्यावर फरकच नाही. तोच मऊपणा, तोच गोडवा. पण गिळल्यावर थांबाचं. सात मोजाचे. मंग जिभेच्या मुळाशी जांभळीच्या पानासारखं तुरट येते. आलं तर भेकर, नाही आलं तर बोकड. घाई करन तो फसन.”

सात मोजायचे. हे मी पक्कं लक्षात ठेवलं होतं. मोजायची म्हटली की कोणतीही गोष्ट माझ्या लक्षात राहते.

आता बाहेर खांबाला टेकून बसला होता त्याचं नाव मैनू सिडाम. जंगलाच्या कडेच्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, गोंड, पंचविशीचा, आमच्याच रोपवनात मजुरी करणारा. दोन पायऱ्या खाली त्याची बायको झनका, आणि तिच्या मांडीवर दोन वर्षांचा मोती, ताज्या तासलेल्या डोक्याचा. सगळं प्रकरण त्या डोक्यावरून सुरू झालं होतं. मैनूची आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती. मोती दोन वर्षांचा झाला, तेव्हा नवस फेडायला त्यानं देवाला बकरा दिला, मुलाचं जावळ काढलं आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. पंगत बसायच्या आधीच ठेमसकर नाकेदार, म्हणजे आमचा वनरक्षक, हजर. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की मैनूच्या घरी भेकर शिजतंय. आदल्याच दिवशी नाल्याकडे भेकराचा भुंकारा ऐकू आला होता आणि मग एकदम थांबला होता म्हणे. नाकेदारानं पातेलं उचललं, लाख लावली, आणि नवरा, बायको, पोर, पातेलं अशी वरात सकाळी रेस्ट हाऊसवर आणली.

“बकरा होता तर त्याचं कातडं कुठंय? मुंडकं कुठंय?” साहेबांनी दारात येऊन विचारलं.

“देवापाशी पुरलं जी,” मैनू म्हणाला. “मुंडकं, खूर, कातडं सारं देवाचं. आमच्या घराण्यात तसंच हाय.”

“मग उकरून दाखव. अर्ध्या तासात सुटशील.”

मैनूनं साहेबांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी पोराला उकरायला सांगितलं. “दिलेलं कसं काढू जी? पोराच्या नावानं दिलं हाय.”

“उकरा ना जी,” झनका खालून हळूच म्हणाली. “देव समजून घेईन.”

“गप.”

“बघा साहेब,” नाकेदार हसला, “देवाला साक्षीला आणायचं आणि देवाला हजर करायचं नाही.”

साहेब वाईट माणूस नव्हते. नवे होते, घाईत होते आणि कायद्याचे होते. शिजलेलं मांस मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नासणार, एवढं त्यांना कळत होतं. ते कपाळ चोळत उभे राहिले. आणि तेव्हा मैनूच बोलला.

“साहेब, डोमाबाबाले चाखू द्या ना. बाबा सांगन ते खरं. बाबाची जीभ खोटी बोलत नाही.”

म्हणजे डोमाजींना बोलावणं आलं ते मैनूकडून. हे नीट लक्षात ठेवलं पाहिजे. मी तरी ठेवलं आहे.

डोमाजी टेबलाशी आले. साहेबांनी लाख तोडली. मी पंचनाम्याचा कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो, नाकेदार भिंतीला टेकून. डोमाजींनी झाकणाकडे हात नेला आणि थांबले.

“साहेब... तीन वर्षं झाले जी चाखून. आन् मधात मी आजारी...”

पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला होता. दीड महिना इस्पितळात काढून परतले होते. परतल्यापासून त्यांच्या स्वयंपाकात एक बदल मी टिपला होता. पूर्वी ते मीठ चिमटीनं भिरकावायचे, न बघता. आता एका बाटलीच्या बुचानं मोजून घालत. शिवाय वाढताना विचारत, “मीठ बरोबर हाय ना जी?” मी चेष्टाही करायचो, “डोमाजी, आता मिठाचाही पंचनामा करता काय?” ते हसायचे, पण माझा घास गिळून होईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. हे सगळं माझ्याकडे होतं. फक्त मी त्याची बेरीज केली नव्हती.

आणि त्या क्षणी, सगळ्यांसमोर, मला गंमत सुचली.

“काय डोमाजी,” मी म्हणालो, “जीभ गंजली नाही ना? जमत नसेल तर सांगून टाका. जिल्ह्यात काय, दुसरं काही नाव कमवता येईल.”

साहेब हसले. नाकेदार तर मोठ्यानं हसला. डोमाजींचे कान लाल झाले.

“गंजायले ती काय नाकेदाराची बंदूक हाय?” ते म्हणाले, आणि झाकण उचललं.

वास सुटला. मिरचीचा लालभडक रस्सा होता. तेवढ्यानंच नाकेदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. डोमाजींनी रस्सा निथळून एक तुकडा वाटीत घेतला. दोन बोटांनी फोडून त्याचा धागा पाहिला. धागा बारीक होता. मग डोळे मिटून तोंडात टाकला. बाहेर मैनू उठून दारापाशी आला होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सुटका झालीच आहे, फक्त सांगायची बाकी आहे, अशा माणसाचा तो चेहरा होता.

डोमाजी चावत राहिले. मिरची इतकी जहाल, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी गिळलं. मी मनात मोजायला लागलो. एक. दोन. तीन.

“भेकर,” डोमाजी म्हणाले.

तीनालाच.

नाकेदारानं भिंतीवरून पाठ काढली. मैनू दारात तसाच उभा होता. रागावला नाही, ओरडला नाही. तो डोमाजींच्या तोंडाकडे बघत होता, आपणच काही चुकीचं ऐकलं की काय असं.

“बाबा,” तो म्हणाला, “एक डाव अजून चाखा.”

डोमाजींनी डोळे उघडले, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. “एकदा चाखलं का चाखलं.”

“लिहा, वझलवार,” साहेब म्हणाले.

मी लिहिलं. माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात. ‘सदर इसमाने मांस चाखून ते भेकराचे असल्याचे निःसंशय सांगितले.’ निःसंशय हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. वाक्य भरदार व्हावं म्हणून मी तो घातला. डोमाजींनी सही केली, पंच म्हणून खाली मी केली, मैनूनं अंगठा दिला. त्याचा अंगठा धरून शाईवर दाबताना मला जाणवलं की तो अजूनही डोमाजींकडेच बघतो आहे.

अकराच्या एसटीनं नाकेदार त्याला तालुक्याला घेऊन गेला. झनका फाटकापाशी बसून राहिली. पोराला भूक लागली होती, ते पातेल्याकडे हात करून रडत होतं. पातेलं आता मुद्देमाल झालं होतं.

दुपारी मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेलो. डोमाजींनी दोन कप भरून ठेवले होते आणि चुलीत लाकूड सारायला वाकले होते. त्या तीन आकड्यांनी सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं. समोर मिठाची बरणी होती. मी बूचभर मीठ त्यांच्या कपात टाकलं आणि ढवळलं. थट्टा म्हणून केलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

ते येऊन पाटावर बसले. एक घोट घेतला. दुसरा घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून तिसरा घेतला.

“आज चहा कसा झाला, डोमाजी?” मी विचारलं.

“झकास.”

मी माझा कप तोंडाला लावला. पण माणसाचा चेहरा वाचायला फक्त मलाच येत होतं असं थोडंच. डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग बशीकडे, मग मिठाच्या बरणीकडे. तिचं झाकण उघडंच राहिलं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तापापासून.” बशी लांब सारत ते म्हणाले, “पयले वाटलं, येईन परत. खारट नाही, गोड नाही, तिखट नाही. तोंडात माती घातल्यासारखं. कोणाले सांगू जी? खानसामाची जीभ गेली म्हणजे काय राहिलं मंग?”

“मग भेकर कशावरून म्हणालात?”

“धागा बारीक होता. नाकेदार तसंच म्हणत होता. मैनू नाल्याकडे फासे लावते असं ऐकलं होतं कोणाच्या तोंडून.” त्यांनी बरणीचं झाकण लावलं. “आन् तुम्ही म्हणाले, गंजली का.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. आमच्यापैकी कुणी चहा संपवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची टेबलावरची कागदपत्रं मी लावत होतो, तेव्हा डोमाजी आले. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. देवळात जातात तसे.

“साहेब, कालचं खोटं हाय. मले चव लागत नाही. तापापासून लागत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “काल लागली, आणि आज नाही?”

“कालबी नाही जी. मी अंदाजानं बोललो.”

“डोमाजी,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “त्याची बायको काल दिवसभर फाटकाशी बसली होती, ती मलाही दिसली. तुमचं मन चांगलं आहे. पण मन चांगलं म्हणून चितळाचा पुढचा पाय ओळखणाऱ्या माणसाला बोकड ओळखता आला नाही, हे मी कोर्टाला कसं सांगू?”

“खरं सांगतो साहेब! या बाबूजीले विचारा. यायनं काल मले खारा चहा पाजला, मी झकास म्हटलं. विचारा!”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डोमाजींनीही पाहिलं. मी चोवीस वर्षांचा होतो. माझी कायम नेमणूक व्हायची होती, आणि शिफारशीचं पत्र साहेबांच्या हातचं होतं. पंचनाम्याखाली माझी सही होती आणि आत माझा स्वतःचा ‘निःसंशय’ होता. ही कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी मला एवढंच कळलं की एका शब्दानं मी सगळ्यांसमोर मूर्ख ठरणार आहे. दुसऱ्यांना मूर्ख ठरवण्याची सवय होती मला, त्या बाजूची नव्हती.

“चहाची काहीतरी गंमत झाली होती, साहेब,” मी म्हणालो. “पण चव लागत नाही वगैरे... मला तसं काही जाणवलं नाही.”

डोमाजींनी मान खाली घातली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मी बोलण्याचा घास गिळून होईपर्यंत. मग पंचा खांद्यावर नीट केला आणि गेले.

त्याच दिवशी तालुक्याच्या कोर्टात मैनूला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी कागद घेऊन हजर होतो. मला वाटलं, आता तो बकऱ्याचं सांगेल, देवाचं सांगेल. तो थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “डोमाबाबा म्हणते भेकर, तर भेकरच असन जी.”

ही हार मानलेल्या माणसाची भाषा आहे असं मी धरून चाललो. चार महिन्यांची शिक्षा झाली. डोमाजींनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली, आणि दोन वर्षांनी वारल्याचं कानावर आलं. तोवर माझी नेमणूक कायम होऊन बदलीही झाली होती.

पस्तीस वर्षांनी मी पुन्हा तिकडे गेलो. आता त्या जंगलात सफारी चालते. मुलगी, जावई, नातवंडं, उघडी जिप्सी आणि पुढच्या सीटवर खाकी कपड्यांतला गाईड. नाल्यावर चितळांचा कळप दिसला. जावयांनी फोटो काढले आणि पुणेरी उत्साहानं विचारलं, “काय हो, यातल्या कुठल्या हरणाची चव सगळ्यात भारी असते? जुनी माणसं सांगत असतील ना?”

“माहीत नाही सर,” गाईड हसून म्हणाला. “आमच्या घरी मांसच शिजत नाही. बकरासुद्धा नाही.”

“अरे, का?”

“बाबांनी बंद केलं. मी लहान असताना.” त्याला हा प्रश्न नेहमीचा असावा, कारण त्यानं गोष्टीसारखं सांगायला सुरुवात केली. “इथं एक खानसामा होते, डोमाबाबा. त्यांची जीभ कधी चुकायची नाही. माझ्या नवसाला बाबांनी देवाला बकरा दिला होता, स्वतःच्या हातानं कापून. आणि त्याच पातेल्यातलं डोमाबाबांनी चाखलं तर भेकर निघालं. बाबा म्हणायचे, हातानं बकरा कापला, हे खरं. डोमाबाबाची जीभ खरी, हेही खरं. म्हणजे देवानंच माझा बकरा घेतला नाही. बदलून परत पाठवला. त्या दिवसापासून देवाला काही दिलं नाही आम्ही. आणि देवाला न देता घरात कसं शिजवायचं?”

जिप्सीत सगळे ‘अच्छा’ म्हणाले. त्याच्या छातीवरची पाटी मी तेव्हा वाचली. मोतीराम मैनू सिडाम. सगळं वाचत सुटणाऱ्या माझ्याकडून मघापासून तीच वाचायची राहिली होती.

म्हणजे कोर्टात तो हरला नव्हता. त्याचा विश्वास बसला होता.

“बाबा आहेत का?” मी विचारलं.

“नाही. जेलमधून खोकला घेऊनच आले. चार वर्षं काढली कशीबशी. आई आहे.”

दुपारच्या फेरीआधी मी मोतीरामला म्हणालो, मला तुझ्या आईला भेटायचंय. का, ते वाटेत सांगितलं. तो ऐकत गाडी चालवत राहिला. टोला जवळ आल्यावर फक्त एवढंच विचारलं, “तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“त्याच दिवसापासून.”

त्यानं गिअर बदलला.

झनका अंगणात टोळ, म्हणजे मोहाच्या बिया, फोडत बसली होती. केस पांढरे, नजर धारदार. तिनं मला लगेच ओळखलं. “लिहिणारे बाबू,” ती म्हणाली, आणि बसायला बाज ओढून दिली. मी सगळं सांगितलं. ताप, बूचभर मीठ, तीन आकडे, खारा चहा, साहेबांच्या खोलीत मी काय बोललो ते. काही गाळलं नाही.

“डोमाबाबा आले होते सांगाले,” ती म्हणाली. “हे जेलातून सुटून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. इथंच बसले, रडले. म्हणे, मले चव नाही रे मैनू. पण यायनं मानलंच नाही. म्हणे, बाबा मले धीर द्याले खोटं बोलते. दुसरं कोणी सांगतलं असतं तर मानलं असतं.”

दुसरं कोणी म्हणजे जगात मी एकटाच होतो.

तिनं हातातला दगड बाजूला ठेवला. पदराला हात पुसले. मग जरा पुढं वाकून, मोतीरामला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं विचारलं, “तर मंग... देवानं घेतला होता बकरा?”

“घेतला होता,” मी म्हणालो. “बकराच होता तो.”

तिनं अंगणापलीकडे पाहिलं. तिकडे झाडाखाली त्यांचा देव होता, आणि पस्तीस वर्षं मातीत गेलेलं एक मुंडकं.

“त्यायले सांगाले पायजे होतं जी,” ती म्हणाली. “चार वर्षं झोपेतबी बडबडत. काय कमी होतं माह्या बकऱ्यात.”